दोघांचं सामान

१

धोंडुबाई आणि आण्णा सासने घर सोडायला तयार झालेत, हे त्यांच्या मुलीला, राजनंदिनीला, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी फोनवर कळलं. आपण नीट ऐकलं का, असंच तिला आधी वाटलं.

खरं तर ऐकणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. राजारामपुरीतल्या एका कानाच्या दवाखान्यात ती एकवीस वर्षं लोकांच्या ऐकण्याची तपासणी करत होती. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, एकेक बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं. त्यामुळं कान माणसाला किती फसवतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. शांततेत कान रिकामा बसत नाही, काहीतरी स्वतःच तयार करतो, हे ती रोज दोन-चार जणांना समजावून सांगायची.

आई-वडिलांचं घर मंगळवार पेठेतल्या एका बोळात होतं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागं न्हाणी. आण्णांनी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर सदतीस वर्षं काढली आणि त्यातल्या पाचव्या-सहाव्या वर्षी हे घर बांधलं. राजनंदिनी आणि तिचा भाऊ राजवीर तिथंच वाढले. राजवीर मस्कतला गेला, राजनंदिनी लग्न मोडल्यावर आर. के. नगरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन एकटी राहू लागली. म्हातारी दोघं बोळातच राहिली.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत आण्णा जिन्यावरून घसरले. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जरा वाकडंच जुळलं होतं. अंगठ्याच्या खाली लिंबाएवढा उंचवटा राहिला, आणि तो आता जन्मभर राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून राजनंदिनी दर रविवारी जाऊन एकच विषय काढायची. घर विकू, माझ्याकडं चला, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. आण्णांना निम्मं ऐकू यायचं नाही. आई ते मोठ्यानं त्यांच्या कानात सांगायची, आणि आण्णा बोळाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणायचे, "न्हाय म्हणून सांग तिला. किती डाव सांगायचं?"

सव्वा वर्ष हे चाललं. आई रडली, आण्णांनी दोनदा जेवण सोडलं, एकदा तर राजनंदिनीला त्यांनी उंबऱ्यातूनच माघारी पाठवलं. शेवटी तिनं नाद सोडला. आणि मग त्या मंगळवारी आईचा फोन आला.

"न्यायला कधी येतीस?" आईनं विचारलं. "आमी तयार हाय."

राजनंदिनीनं विचारलं, आण्णांचं काय? आई म्हणाली, दोघंबी येतोय की. सूर अगदी साधा होता. दळण आणायला कधी जातीस, असं विचारावं तसा.

२

घराला गिऱ्हाईक मिळालं, तो ते पाडून नवीन बांधणार होता. सामान आवरायला तिनं चार दिवसांची रजा काढली. भांडणाची तयारी ठेवूनच ती गेली होती. आईनं फुटकी चाळणसुद्धा कधी टाकलेली नव्हती, आणि आण्णांच्या गंजक्या पान्यांना हात लावला तर ते दिवसभर बोलायचे नाहीत.

पण भांडण झालंच नाही. दोघांनी आधीच सगळं लावून ठेवलं होतं. पुढच्या खोलीत भिंतीकडेला एक रांग न्यायच्या सामानाची होती. राजनंदिनी खोकी भरू लागली आणि तासाभरानं तिच्या लक्षात आलं, की हे सामान निम्मंच आहे.

स्टीलची ताटं चार होती, रांगेत दोन होती. तांबे दोन होते, रांगेत एक होता. दोन गाद्या, दोन चादरी. ज्वारीचा डबा उघडला तर तो बरोबर मध्यापर्यंत भरलेला, आणि उरलेली ज्वारी स्वयंपाकघरात दुसऱ्या डब्यात, तीही तेवढीच. कांदा-लसूण चटणीची बरणीसुद्धा दोन बाटल्यांत वाटून झाली होती. घरातले दोन भाऊ वेगळे निघतात तेव्हा पंचांच्या समोर जशी वाटणी होते, तशी ही कुणीतरी शांतपणे, डोकं लावून केलेली वाटणी होती.

तिनं विचारलं, हे बाकीचं कुठं जायचं?

"ते ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "हितं लागतंय."

"इथं कुणाला लागतंय, आई? घर पाडणार आहेत."

आईनं तिच्याकडं बघितलं आणि हसली.

देव्हारा राहिला. आण्णांची पान्यांची पेटी राहिली. आणि खिडकीत त्यांचं कानाचं मशीन राहिलं. ते राजनंदिनीनं स्वतः बसवून दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी. त्याशिवाय आण्णांना समोरच्या माणसाचं बोलणंही कळायचं नाही. तिनं ते उचलून पर्समध्ये टाकलं तर आण्णा पलंगावरून उठले, पर्समधून ते काढून घेतलं आणि परत खिडकीत जिथं होतं तिथं ठेवलं.

"ज्याचं हाय त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. नेहमीसारखे ओरडून नाही, हळू आवाजात.

राजनंदिनीनं वाद घातला नाही. उतारवयात घर सुटताना माणसं चमत्कारिक वागतात, हे तिनं वाचलं होतं, दवाखान्यात पाहिलंही होतं. निम्मं सामान मागं ठेवलं की मन म्हणतं, आपण पुरते गेलो नाही. तिला हे पटलं. नवीन मशीन बसवता येईल, ज्वारी आणता येईल. निघण्याशी मतलब.

टेम्पो निघाला तेव्हा शेजारच्या रोशनबी दारात आल्या. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. चाळीस वर्षांचा शेजार. त्यांनी राजनंदिनीला बाजूला घेतलं आणि विचारलं, पावणं पण तुझ्याकडंच येणार काय?

कसले पाहुणे, तिनं विचारलं.

"थंडीपासनं हाईत न्हवं तुमच्यात?" रोशनबी म्हणाल्या. "दुपारचं चौघं बोलत बसत्यात. भिंतीतनं येतंय की आवाज. मला वाटलं चंदगडकडचं कोण पावणं असतील. वयस्करच हाईत, आवाजावरनं."

राजनंदिनी म्हणाली, टीव्ही असेल. आण्णांना मोठा लावावा लागतो. रोशनबींनी मान हलवली, पण ते पटलं म्हणून नव्हे.

३

आर. के. नगरात दोघं आठ दिवसांत रुळली. सगळ्यांना नवल वाटलं. आण्णा लिफ्टचं बटण स्वतः दाबू लागले. आई समोर येईल ते जेवायची, मीठ कमी म्हणायची नाही, जास्त म्हणायची नाही. गोळ्या वेळेवर. राजवीरनं मस्कतवरून व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाला, दहा वर्षांनी तरुण दिसायला लागलेत दोघं, तू हे आधीच करायला पाहिजे होतंस. राजनंदिनीलाही बरं वाटलं. सव्वा वर्षाचं ओझं उतरलं होतं.

फक्त दोघं भांडत नव्हती. तिच्या आठवणीत असा एक दिवस गेला नव्हता की सकाळच्या चहावरून आई-आण्णांची तोंडं वाजली नाहीत. चहा गार आहे, गरम आहे, पेपर आधी कुणी घेतला, खिडकी कुणी लावली. आता चहा आला की दोघं एकाच वेळी कप उचलायची. सोफ्यावर शेजारी शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून बसायची. कुणाच्या तरी घरी गेलेली माणसं यजमान आतून येईपर्यंत बसतात, तशी.

आणि टीव्ही. मंगळवार पेठेत तो रस्त्यावर ऐकू यायचा. इथं आण्णा तो इतका बारीक लावायचे, की स्वयंपाकघरातून राजनंदिनीला बातम्या कळायच्या नाहीत. तिला वाटलं, नुसती चित्रं बघत असतील. पण एकदा ती कांदा चिरत होती आणि आण्णा बाहेरून म्हणाले, दूध आलंय. ती दाराशी गेली. कुणी नव्हतं. मग लिफ्टचा आवाज झाला, दार उघडलं आणि दूधवाला बाहेर आला. चौथ्या मजल्यावर.

तिनं दुधाची पिशवी घेतली. मग तिनं स्वतःला सांगितलं, वेळ ठरलेली असते. अंदाजानं बोलले.

तिसऱ्या आठवड्यात रोशनबींचा फोन आला. त्यांनी आधी आई-आण्णांची खुशाली विचारली, मग म्हणाल्या, रागावू नकोस, पण आक्का परत आल्यात काय गं? त्या आईला आक्का म्हणायच्या, आणि आई तर शेजारच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती. राजनंदिनीनं तसं सांगितलं.

"मग भाकरी कोण थापतंय?" त्यांनी विचारलं. "सकाळी आठ-साडेआठला येतोय आवाज. आणि आण्णा वरडत असत्यात, पैल्यासारखं."

राजनंदिनीनं सांगितलं, जुन्या भिंती, आवाज कुठूनही येतो. वरच्या घरचा खाली वाटतो, पुढच्या बोळातला शेजारचा वाटतो. हे सगळं खरं होतं. फोन ठेवून ती वळली तर आई सोललेल्या दाण्यांची वाटी घेऊन दारात उभी होती.

"रोशनबी न्हवं?" आई म्हणाली. "त्यांस्नी म्हणावं, कान देऊ नका. आपोआप थांबंल."

४

नवीन मशीन बसवायचं तर तपासणी करावी लागते. मार्चच्या शेवटी एका दुपारी ती आण्णांना दवाखान्यात घेऊन गेली.

जुना कागद तिच्या फायलीत होता. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाचा असतो तसाच. जाड आवाजापाशी रेघ वर, आणि बारीक आवाज सुरू झाले की कड्यावरून पडल्यासारखी खाली. कानातल्या ज्या पेशी आवाजानं मरतात त्या परत येत नाहीत. औषधानं नाही, आरामानं नाही. एकवीस वर्षांत तिनं अशी रेघ एकदाही वर आलेली पाहिली नव्हती, आणि कुणी पाहिल्याचं ऐकलंही नव्हतं.

आण्णा काचेच्या खोलीत बसले. तिनं मोठ्या आवाजापासून सुरुवात केली. आण्णांनी बटण दाबलं. आवाज कमी केला. दाबलं. आणखी कमी केला. दाबलं. ती बारीक आवाजांकडं गेली, जिथं आण्णांना गेल्या वेळी जवळजवळ काहीच ऐकू आलं नव्हतं. प्रत्येक वेळी दिवा लागला. शेवटी तपासणीच्या मशीनमध्ये त्याहून कमी आवाजच उरला नाही. लहान पोरांनाही जो क्वचित ऐकू येतो, तोही त्यांना ऐकू आला.

तिनं हेडफोन बदलले. मशीन बंद करून चालू केलं. स्वतःवर तपासून बघितलं, मशीन ठीक होतं. पुन्हा तपासणी घेतली. कागदावर डावीकडून उजवीकडं वरच्या बाजूनं एक सरळ रेघ आली, पट्टी ठेवून ओढावी तशी.

डॉक्टरांनी कागद बघितला, कुणाचा तरी दुसऱ्याचा आला असणार म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडं वळले. राजनंदिनीनं मान डोलावली. घरी नेताना गाडीत तिनं विचारलं, आण्णा, तुम्हाला कधीपासून ऐकू यायला लागलं?

आण्णा समोर रस्त्याकडं बघत होते. "आमाला येतंय की पैल्यापासनं," ते म्हणाले.

सायबर चौकात सिग्नल लाल होता. तिची नजर त्यांच्या मांडीवरच्या हातांकडं गेली, पण बाही बोटांपर्यंत खाली ओढलेली होती. उन्हाळा सुरू झालेला होता आणि आण्णा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसले होते. किती दिवस झाले आपण हे मनगट बघितलेलं नाही, असा विचार तिच्या मनात आला. मग सिग्नल सुटला.

५

घर धैर्यशील नावाच्या माणसानं घेतलं होतं. पेठेतच वाढलेला, बोलायला गोड. तिथं तो तीन मजली इमारत बांधणार होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं कळवलं की गुरुवारी सकाळी पाडायला यंत्र लावतोय, त्याआधी काही राहिलं असेल तर घेऊन जा. राजनंदिनीनं विचारलं, आठ दिवस थांबता येईल का? तो म्हणाला, ताई, यंत्र मिळायलाच मला महिना लागला.

बुधवारी ती दुपारी अडीच वाजता गेली. मशीन आणि देव्हारा घेऊन येते, असं तिनं दवाखान्यात सांगितलं होतं आणि स्वतःलाही. बोळात ऊन उभं होतं. रोशनबी आपल्या पायरीवर गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

कुलूप उघडून ती आत गेली. पुढची खोली मोकळी होती. भिंतीवर जिथं फोटो होते तिथं रंग ताजा राहिला होता. वीज तोडलेली होती. खिडकीत मशीन नव्हतं.

मग आतून आवाज आला. थाप, थाप, थाप, आणि मग थांबा. पुन्हा तीन थापा आणि थांबा. तिसऱ्या थापेनंतर भाकरी फिरवायची, ही तिच्या आईची पद्धत.

राजनंदिनी होती तिथंच उभी राहिली आणि तिनं रोज लोकांना जे सांगते ते आठवलं. भिंतीपलीकडून येत असेल. पण भिंतीपलीकडची बाई बाहेर पायरीवर होती. शांततेत कान स्वतः तयार करतो. पण कान वास तयार करत नाही, आणि तव्यावरच्या पिठाचा जरासा करपट वास खोलीभर होता. गॅसची टाकी तिनं स्वतः परत केलेली होती.

ती मधल्या दारापर्यंत गेली. स्वयंपाकघराचं दार पुढं केलेलं होतं, चार बोटं फट राहिली होती. फटीतून फरशीचा एक तुकडा दिसत होता, आणि फरशीवर एक ताट.

"कोण हाय?" आतून आण्णा ओरडले. बोळाच्या टोकापर्यंत जाईल असे.

"नंदू असंल," आईचा आवाज म्हणाला. थापा थांबल्या नाहीत. "दुसरं कोण यील ह्या वक्ताला."

राजनंदिनी बोलली, आणि आपला आवाज अगदी रोजचा येतोय याचं तिला आश्चर्य वाटलं.

"आई, उद्या घर पाडायला येणार आहेत."

"म्हाईत हाय."

"मग चला. मी गाडी आणलीय."

"आता कशी यायची आमी?" आई म्हणाली. "तू न्हेलीस न्हवं दोघांना? झालं की मग."

"काय म्हणतीया?" आण्णांनी विचारलं.

"चला म्हणतीया!" आईनं मोठ्यानं सांगितलं.

"न्हाय म्हणून सांग तिला. किती डाव सांगायचं?"

फटीत एक हात आला. ताट जरा जवळ ओढून घ्यायला आला असावा. म्हाताऱ्या माणसाचा डावा हात, कोपरापर्यंत उघडा. अंगठ्याच्या खाली हाड वाकडं जुळलेलं होतं आणि तिथं लिंबाएवढा उंचवटा होता. हातानं ताट ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि हात पुन्हा दाराआड गेला.

दार ढकललं असतं तर दोनच गोष्टी होण्यासारख्या होत्या. आत कुणी नसतं, किंवा आत ती दोघं असती. पुढं कित्येक दिवस राजनंदिनी यावर विचार करत राहिली आणि यातली कुठली गोष्ट तिला सोसली असती ते तिला ठरवता आलं नाही. तिनं दाराला हात लावला होता, एवढं खरं. लाकूड गरम होतं.

"आत येऊ नगंस," आई आतून म्हणाली. आता आवाज खाली होता, फक्त तिच्यापुरता. "जा तू. त्या दोघांस्नी तिकडं लई येळ एकटं ठेवू नगंस. आणि हितलं काय त्यांच्याफुडं बोलू नगंस."

"ती कोण आहेत, आई?"

थापा थांबल्या. मग तवा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"जाताना दार वढून घे," आई म्हणाली.

६

ती फ्लॅटवर पोचली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. दोघं सोफ्यावर होती. तिनं चप्पल काढली, पाणी प्यायली, चहा टाकायला वळली.

"नको म्हणाली न्हवं?" धोंडुबाई म्हणाली.

राजनंदिनीनं विचारलं, कोण?

म्हातारीनं एक उसासा टाकला. शहाण्या माणसाला दुसऱ्याच्या हट्टापायी येतो तसा. "आमीबी लई सांगून बघितलं," ती म्हणाली. "पोरगी एवढी म्हणतीया तर जावा, म्हटलं. ऐकत्यात व्हय?"

मग तिनं उठून पोरीच्या हातातून चहाचं भांडं घेतलं, बस तू म्हणाली आणि स्वतः चहा केला. चहा चांगला झाला होता. राजनंदिनीनं तो सगळा प्यायला.

तिनं राजवीरला फोन लावला. काय बोलायचं ते ठरेना, म्हणून उद्या घर पाडणार आहेत एवढंच सांगितलं. राजवीर म्हणाला, वाईट वाटतं, पण म्हातारी सुखात आहेत ना, मग बास. ती हो म्हणाली.

गुरुवारी सकाळी दोघं आपणहून तयार होऊन बसली. आण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाह्यांची बटणं लावलेली. घर बघायचंय एकदा, म्हणाले. तिला नाही म्हणता आलं नाही. बोळाच्या तोंडाशी गाडी जाते तिथपर्यंत तिनं नेली. तिथून घर समोरच दिसत होतं. उतरा म्हटलं तर दोघांनीही मान हलवली. मागच्या सीटवर शेजारी शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली.

धैर्यशीलनं नारळ फोडला. पेठेतली आठ-दहा माणसं जमली होती. दोघा-तिघांनी गाडीपाशी येऊन आण्णांना नमस्कार केला, तब्येत सुधारली म्हणाले. रोशनबी तेवढ्या आल्या नाहीत. त्यांचं दार लावलेलं होतं.

यंत्रावरचा माणूस खाली उतरला. सांगलीकडचा होता, नियमाप्रमाणं विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, मालक कोण? धैर्यशीलनं स्वतःकडं बोट केलं आणि मग म्हणाला, पण घर ह्या ताईंचं, त्यांनाच विचार. तो माणूस राजनंदिनीकडं वळला.

"आत कोण न्हाय न्हवं?"

तेवढ्यात आतून कुणीतरी घसा खाकरला. रोज सकाळी चहाच्या आधी खाकरतात तसा, दोनदा. राजनंदिनीनं तो स्पष्ट ऐकला. तिनं माणसांच्या तोंडाकडं बघितलं. कुणाच्याच तोंडावर काही नव्हतं. धैर्यशील फोनमध्ये बघत होता. यंत्रावरचा माणूस उत्तराची वाट बघत होता.

तिनं मागं वळून गाडीकडं बघितलं. काच खाली होती. आण्णांनी मान जराशी कलती केलेली होती, ऐकत असल्यासारखी. ते तिच्याचकडं बघत होते आणि धोंडुबाईही. दोघांच्याही चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. तिनं काहीही सांगितलं तरी त्यांना चालणार होतं.

सांगायचं तरी काय होतं? आत माझे आई-वडील आहेत? साऱ्या पेठेनं आत्ताच त्यांना नमस्कार केला होता. दार उघडून दाखवा म्हटलं असतं, तर दार उघडून सगळ्यांना रिकामं स्वयंपाकघर दिसलं असतं. किंवा दिसलं नसतं. काहीही झालं असतं, तरी गाडीतली दोघं घेऊन तिला आज संध्याकाळी पुन्हा चौथ्या मजल्यावर जायचं होतं.

"ताई?" तो माणूस म्हणाला.

"नाही," राजनंदिनी म्हणाली. "कुणी नाही."

तो यंत्रावर चढला. लोक मागं सरले. यंत्र सुरू झाल्यावर दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि तरी ती ऐकत राहिली. वरची भिंत आधी गेली, मग जिना उघडा पडला. स्वयंपाकघर मागं असल्यामुळं त्याला वेळ लागणार होता. तिला ते बघायचं नव्हतं. ती गाडीत येऊन बसली आणि चावी फिरवली, पण गाडी पुढं घेतली नाही.

मागून एक हात तिच्या खांद्यावर आला. सुकलेला, हलका, काळजीचा हात.

"काच वर घे," धोंडुबाई म्हणाली. "धुरळा आत यील."

राजनंदिनीनं काच वर घेतली.